मण्याएवढं सोनं

वडील गेले तेव्हा आईने त्यांच्या तोंडात सोनाराकडचा तयार कण ठेवला नाही. मंगळसूत्रातला एक मणी काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी घोड नदीकाठी राख सावडली, तर मणी सापडेना. चुलत्यांनी राख दोनदा चाळली. मी शेजारी पाण्याची कळशी घेऊन उभी होते.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "सोनं का जळतंय व्हय? चाळण कुणाच्या हातात व्हती?"

चुलत्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी पडली. "घ्या, झडती घ्या," म्हणाले आणि निघून गेले. नंतर आमच्याकडे जेवायला आलेच नाहीत.

मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडायची, मिटायची. पुण्याला प्रयोगशाळेत मी सोन्याच्या कणांवरच काम करते. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढे ते कण. एकदा त्यांची बाटली मी आईला दाखवली होती. "हे सोनं? हे तर कुंकवाचं पाणी," ती हसली होती. इतक्या लहान कणाचा रंग बदलतो आणि तो कमी उष्णतेत वितळतो, असं मी तिला सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी गहू निवडता निवडता तिने विचारलं, "बारक्या सोन्यात कडंलाच लई अणू, अन् त्यांना धरायला शेजारी थोडं, म्हणून ते लवकर सुटतं. असंच सांगितलं व्हतंस ना?"

"हो, पण..."

"पण ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

त्या 'पण'मध्ये सगळं होतं. त्या कणांपुढे मणी म्हणजे डोंगर. तो इतर सोन्यासारखाच वितळणार, आणि वितळला तरी नाहीसा होणार नाही, गोळी होऊन राखेत राहणार.

दहाव्याला नदीवर भावकी जमली. चुलते लांब, एकटेच उभे होते. आईने मला पुढे ओढलं. "सांग समद्यांना."

"सोनं फार लहान असेल तर लवकर वितळतं," मी म्हणाले. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आत्या म्हणाली, "शिकलेली पोर सांगतीय. भाऊ, जेवायला या." चुलते आले. खाली मान घालून जेवले. मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. एखाद्या विद्यार्थ्याने असं अर्धं वाक्य लिहून आणलं असतं, तर मी वही परत केली असती.

तेराव्यानंतर चुलते मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला आले. बसची वाट बघताना, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ताई, मणी खरंच वितळून गेला का गं?"

खोटं सोपं होतं. आता ते कुणालाच नको होतं.

"नाही, काका. मणी त्या मानाने खूप मोठा होता. तिथंच कुठंतरी असणार."

त्यांनी मान डोलावली. "मला वाटलंच. वाळूत गेला असंल. रोज सकाळी जाऊन चाळतोय."

"आईला माहीत आहे?"

"वहिनीच चाळण देती."

बस आली. कंडक्टरने दार उघडून धरलं, "चला, ताई, आवरा." मी पिशवी उचलली आणि पुन्हा मोटारसायकलवर जाऊन बसले.