बॉनवर फेकलेला भाला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुला सांगतोय म्हणून हुरळून जाऊ नकोस — तू समोर आहेस, एवढंच. फ्रँकफर्टपासून ड्युसेलडॉर्फपर्यंत जेवढी मराठी घरं आहेत, त्या सगळ्यांत मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे. प्रभाकर बोलला की निम्मं सोडून द्यायचं, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. खरं तर चारातले तीन हिस्से सोडायला हवेत. आज सोडण्यासारखं काही ठेवणार नाही — निदान तसं ठरवून तरी बसलोय. सवय वाईट असते.

रोमनांपासून सुरू करू? करतोच. माझी सगळी दुखणी तिथूनच निघतात.

फ्रँकफर्टहून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, टाऊनसच्या डोंगराकडे गेलं की पुढे बस आहे, आणि बस संपते तिथे रोमनांच्या जुन्या सरहद्दीवरचा एक किल्ला. पुण्याहून कुणी नवा सॉफ्टवेअरवाला इथे उतरला की पुढच्या काही रविवारांत तो माझ्या तावडीत सापडतोच. मी त्याला सहकुटुंब किल्ल्यावर नेतो आणि सांगतो की रोमन फौज एवढी भरभर चालायची की त्यांच्या सावल्या मागे पडायच्या आणि संध्याकाळी धापा टाकत छावणीत येऊन मिळायच्या. एका शिपायाचं शिरस्त्राण विहिरीत पडलं, ते काढायला त्याने इथल्या कचेरीकडे टेरमिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितला, आणि तो अजून रांगेत आहे. लोक हसतात. हसणारा माणूस पडताळून पाहत नाही. हे मला फार लवकर कळलं, आणि एवढ्या भांडवलावर मी राज्य केलं.

राज्य म्हणजे आमचं फ्रँकफर्टचं मंडळ. इथे सात माणसं जमली की फेराइन, म्हणजे संस्था, काढतात, घटना लिहितात, नोंदणी करतात. आमची घटना मी लिहिली. रोमनांनी राजाला हाकललं आणि त्याच्या जागी दोन कॉन्सल बसवले — वर्षापुरते, दोघांना सारखा अधिकार, आणि एकाने काही ठरवलं की दुसऱ्याला ते अडवता यायचं. मी तेच केलं. दोन अध्यक्ष, एक वर्ष, एकमेकांना नकाराचा हक्क. लोकांनी टाळ्या वाजवल्या — काय लोकशाही, काय समतोल. टाळ्या वाजवणाऱ्यांची मला कीव येत होती. दोन माणसं एकमेकांना अडवत बसली की निर्णय कोण घेतं? रोममध्ये सेनेट. ती नुसती सल्ला द्यायची, आणि तिचा सल्ला मोडायची छाती फार थोड्यांना व्हायची. आमच्याकडे सेनेट म्हणजे मी. मी कधीही अध्यक्ष झालो नाही. मला गरजच काय होती? दर वर्षी दोन गाढवं एकमेकांवर दुगाण्या झाडायची आणि शेवटी दोघंही माझ्याच घरी चहाला यायची, वेगवेगळ्या दिवशी.

मग आम्ही पसरलो. रोमनांनी शेजारची गावं जिंकली तेव्हा त्यांच्यावर कर लादला नाही. तुमचे देव तुमचे, तुमचा कारभार तुमचा — फक्त आम्ही लढाईला निघालो की माणसं द्यायची. एवढ्या एका अटीवर इटली त्यांच्या खिशात गेली, कारण हरलेलं प्रत्येक गाव पुढच्या लढाईत त्यांच्याच बाजूने उभं. आम्ही आजूबाजूची छोटी मंडळं अशीच घेतली. तुमचं हळदीकुंकू तुमचं, तुमचा कोजागिरीचा मसाला तुमचा, फक्त आमच्या गणपतीला खुर्च्या लावायला आणि नंतर हॉल पुसायला माणसं पाठवा. आनंदाने पाठवली. स्वतःचं मंडळ बुडवून दुसऱ्याची लादी पुसायला लोक किती आनंदाने येतात, हे बघायचं असेल तर माझ्याकडे ये.

बॉन तेवढं आलं नाही.

बॉनला सुमनताई होत्या. लग्न करून तिथे आलेल्या, आता पिकलेल्या केसांच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी मुलांना मराठी शिकवायच्या; मुलं त्यांना काकू म्हणायची. बॉनचं मंडळ म्हणजे जवळजवळ तो वर्गच. माझी मुलगी मुक्ताही तिथे जायची. शेजारचं एक कुटुंब दर शनिवारी गाडीने बॉनला जायचं, त्यांच्याबरोबर अनघाने — माझ्या बायकोने — तिला लावून दिलं होतं. मी हरकत घेतली नाही. शत्रूच्या मुलखात आपलं कुणी असलेलं बरं, असा विनोदसुद्धा केला होता मी. विनोद.

माइन नदीच्या काठावर मंडळाची सहल होती. सुमनताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, डबाभर शंकरपाळे घेऊन. मी सगळ्यांसमोर विलीनीकरणाचा विषय काढला, रोम आणि मित्रराज्यं वगैरे, चांगलं रंगवून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "प्रभाकरराव, रोम तुमच्या डोक्यात आहे. बॉनमध्ये थोडी मुलं आहेत आणि एक फळा. तेवढ्यासाठी हत्ती कशाला आणता?"

हत्ती रोमनांचे नव्हतेच — त्यांच्या शत्रूंचे होते. पण हे मी सांगेपर्यंत सगळी माणसं हसून मोकळी झाली होती.

त्या दिवशी मी त्यांचं मंडळ बुडवायचं ठरवलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. हसू झालं, म्हणून सूड. पुरुषी अहंकार, चालायचंच. हे कारण सोयीचं आहे, त्यात एक प्रकारचा रुबाबही आहे. खोटं आहे. त्याच्याकडे येतो मी. थोडं थांबशील?

रोमनांची एक रीत होती. आम्ही कुणावर चालून जात नाही, आमची कागाळी असते म्हणून जावं लागतं, असं ते म्हणायचे. त्यांचा पुरोहित सरहद्दीवर जाऊन गाऱ्हाणं मोठ्याने सांगायचा, देवांना साक्षी ठेवायचा, आणि भरपाई मिळाली नाही की शत्रूच्या जमिनीत भाला फेकायचा. झालं, युद्ध न्याय्य. अख्खं जग त्यांनी स्वसंरक्षणात जिंकलं — ही थाप माझ्या सगळ्या थापांहून मोठी आहे आणि मला तिचा हेवा वाटतो.

तेव्हा मला गाऱ्हाणं हवं होतं. बॉनने आमचं काही बिघडवलं नव्हतं. मग मी ते बनवलं.

किल्ल्यावरून परत येताना बसमध्ये सगळे आईबाप पुढे बसले होते, पोरं मागे. मी आवाज खाली आणला — मी आवाज खाली आणला की लोक घाबरतात — आणि म्हणालो, सांगायचं नव्हतं, पण सुमनताई तुमच्या मुलांबद्दल काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, फ्रँकफर्टची पोरं मराठी बोलत नाहीत, भुंकतात.

मागच्या सीटांवर पोरं जर्मनमध्ये खिदळत होती. एकेक आई, एकेक बाप मागे वळून बघत होता. त्या क्षणी त्या बसमध्ये जे पसरलं त्याला राग म्हणू नकोस. ती लाज होती. इथल्या प्रत्येक घरात आई मराठीत विचारते, 'जेवलास का', आणि मूल जर्मनमध्ये उत्तर देतं, आणि आई ऐकलं न ऐकल्यासारखं करते. मी बरोबर तिथे मारलं. सुमनताई असं म्हणाल्या असतील का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. कारण प्रत्येकाला वाटलं, हे तर खरंच आहे.

तुला वाटेल, वाक्य मी त्या बसमध्ये बसून रचलं. नाही. एवढं बेतलेलं वाक्य आयत्या वेळी सुचत नाही.

मुक्ता लहान होती, नुकती शाळेत जायला लागलेली. माझ्याकडे लोक जेवायला आले होते, रंगात आलेलो होतो मी. ती धावत स्वयंपाकघरात आली आणि सांगू लागली — पापा, मी आज श्नेके बघितली, ती झो लांगसाम चालते, तिचं हाऊस तिच्या पाठीवर. गोगलगाय किती हळू चालते, ते सांगत होती. सगळे कौतुकाने हसले. आणि मी म्हणालो — का म्हणालो? आणखी मोठं हसू मिळवायला — मी म्हणालो, "हे मराठी नाही, हे भुंकणं आहे. भुंकायचं असेल तर बाहेर जाऊन भुंक." आणि हाताने दार दाखवलं. मिळालं, मोठं हसू मिळालं. ती खरंच बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललेली नाही. समजतं सगळं. उत्तर जर्मनमध्ये. 'या, पापा', 'गेनाऊ, पापा' — हो आणि बरोबर, एवढंच. लोकांना मी सांगायचो, वातावरणाचा परिणाम, काय करणार.

आता तो सोयीच्या कारणाचा हिशेब. सहलीच्या थोडं आधी सुमनताईंचा फोन आला होता. काहीतरी काम होतं, आणि जाता जाता म्हणाल्या, "मुक्ता किती छान बोलते हो. परवा तिने पोरांना गोष्ट सांगितली, अख्खी मराठीत. तुमच्यासारखी रंगवून सांगते." मी फोन ठेवला. अख्खी मराठीत. रंगवून. त्या बाईसमोर. खरं कारण हे. हत्ती वगैरे नंतरचं.

तर बसमध्ये मुक्ता मागे बसली होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची. कानात तिचं ते गाणं लावलेलं, म्हणून मी निर्धास्त. स्टेशनवर उतरलो, अनघा बेकरीत शिरली, आणि प्लॅटफॉर्मवर मुक्ता माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "दास हाट झी निश्ट गेझाक्ट. दास वार्स्ट डू." त्या नाही म्हणाल्या ते. तू म्हणालास.

एवढी वर्षं तिने ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं.

मी माणूस असतो तर तिथेच संपवलं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, कुठे बोललीस तर शनिवारचं बॉन बंद. गप्प राहिलीस तर वर्गाला मी धक्का लावणार नाही. तह केला मी — माझ्या पोरीशी. ती म्हणाली, "ओके." तेवढंच.

पुढचं सोपं होतं. आमच्या लोकांनी बॉनशी बोलणं टाकलं. बॉनची निम्मी घरं आमच्या घरांशी नोकरीने नाहीतर नात्याने बांधलेली, त्यांना वाळीत पडायचं नव्हतं. सुमनताईंनी माफी मागावी, नाहीतर मंडळ आमच्यात मिळवावं, असं ठरलं. त्याच हॉलमध्ये, त्याच फळ्यासमोर सभा झाली. मुक्ता बाहेर व्हरांड्यात मुलांना सांभाळत होती, काचेतून दिसत होती.

"मी असं म्हणाले नाही," सुमनताई म्हणाल्या. "न बोललेल्या गोष्टीची माफी कशी मागू?"

एक जण म्हणाला, "ताई, प्रभाकरराव थापा मारतात, सगळ्यांना माहीत आहे. पण असलं घाणेरडं कुणी मनाने रचत नाही हो."

बघ. आयुष्यभराच्या थापांनी मला तेवढी एक पत मिळवून दिली होती. सुमनताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही ऐकलंत?"

"हो," मी म्हणालो. "माझ्या या कानांनी."

आणि ते खरं होतं — कळतंय ना? स्वतःच्या कानांनीच ऐकलं होतं. ते उत्तर सुचलं तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या, हेही सांगून टाकतो. काचेपलीकडे मुक्ता माझ्याकडेच बघत होती. तिने तोंड उघडलं नाही. तिला शनिवार वाचवायचा होता.

हात वर झाले, बॉन आमचं झालं. सुमनताईंनी डस्टरने फळा पुसला, कोट चढवला आणि गेल्या. वर्गावर मी आमचा एक माणूस बसवला. त्याने परीक्षा सुरू केल्या, मुलं फुटबॉलला जाऊ लागली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत शनिवार बंद पडला. मला तो चालवता आला असता. सुमनताईंना परत बोलावलं असतं तरी पुरलं असतं. नाही बोलावलं. मुक्ताने मला काही विचारलं नाही, तहाची आठवणही करून दिली नाही. फळा आम्ही फ्रँकफर्टला आणला. माझ्या केलरमध्ये, तळघरात, आहे, भिंतीकडे तोंड करून, पुढे सायकली.

किल्ल्यावर मी हल्ली भाल्याची गोष्ट सांगतो तेव्हा एक भाग गाळतो. तुला सांगतो. पुढे रोमनांचे शत्रू फार लांब गेले, सरहद्दीवर जाऊन भाला फेकणं परवडेना. तेव्हा त्यांनी एका कैद्याला खुद्द रोममध्ये जमिनीचा तुकडा घ्यायला लावला, तो शत्रूचा मुलूख ठरवला, आणि भाला तिथे फेकू लागले. आपल्याच शहरात. घराजवळ.

मुक्ता आता ड्युसेलडॉर्फला असते. नाताळात आली होती. बाल्कनीत उभी राहून फोनवर बोलत होती, दार थोडं उघडं. "अहो काकू, तुम्ही ना," ती म्हणत होती, "ऐका तर खरं, मग काय झालं..." आणि पुढे गोष्ट. रंगवून. आवाज खाली आणायचा तिथे बरोबर खाली आणून. मी तिथेच थांबलो. मग काय झालं ते मलाही ऐकायचं होतं. तिने मान वळवली, मला पाहिलं, आणि वाक्य होतं तिथून जर्मनमध्ये पुढे नेलं.

मी दार लावून घेतलं. ती आत येईपर्यंत मी पाहुण्यांना शिरस्त्राणाची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, आणि लोक हसत होते.