बस्त्यातला शेजार

धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याने मोहगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेची वाट अडवली, तेव्हा, ऐंशीच्या दशकात, मी पांढुर्ण्यात मास्तर होतो. वाटेचा जुना नकाशा शोधायला सौसरच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने लाल कपड्यात बांधलेला जुन्या कागदांचा बस्ता दोन्ही हातांनी, तान्हं बाळ ठेवावं तसा, माझ्यापुढे ठेवला. मदत म्हणून मी कागद तारखेप्रमाणे लावू लागलो. त्याने माझं मनगटच धरलं.

"काय करून राहिले गुरुजी? कागद जसे आले तसेच राहू द्या. एकटा कागद अर्धंच सांगते. बाकीचं त्याच्या शेजारच्याले पुसा लागते."

मी हलवलेले कागद त्याने वाचलेसुद्धा नाहीत. वाळवीची भोकं एकावर एक जुळवत त्याने ते पुन्हा जागेवर लावले. आमचा नकाशा एका विहिरीच्या अर्जाला लागून निघाला. त्या अर्जाशिवाय तो कोणत्या शेताचा, हे कळलंच नसतं.

पुढे ग्रंथालयशास्त्र शिकताना वाचलं, की युरोपातले विद्वानही आधी जुने कागद विषयवार लावून मोकळे व्हायचे. मूळ क्रम मोडू नये, हे ठरायला त्यांना पिढ्या लागल्या.

लागणारच. त्यांचं मनगट धरायला कोणी नव्हतं.