वच्छलेनं मागून पाहिलेला पिक्चर

वच्छलेला, माझ्या बायकोला, जाऊन सव्वा महिना झाला. आदल्या दुपारी खाटेवर उठून बसली अन् म्हणाली, "अवो, तंबूतला तो नावाड्याचा पिक्चर समोरून कसा दिसे, सांगा न मले." मला सांगता येईना... का येईना, तेच लिहितो आहे. शिक्षण चौथीचं. चुकलं तर चुकलं.

लग्न नवं होतं तेव्हा जळगाव जामोदकडच्या आमच्या गावी तंबूचा सिनेमा यायचा. पडदा मधोमध, त्याच्या पुढं माणसं, पडद्यामागं बाया, असा रिवाज. एकदा तंबूवाल्यानं विचारपूस न करता बक्षीस मिळालेला पिक्चर आणला. ना गाणं, ना मारामारी. म्हातारा नावाडी नदीकाठी पोरीची वाट पाहतो, बस्स. माणसं शिव्या देत उठली, बाया हलल्या नाहीत. घरी येताना वच्छलेचे डोळे लाल. म्हणाली, "पोरगी आली नाही, तं त्यानं डाव्या हातानं भाकर खाल्ली."

"येडी काय वं? डाव्या हातानं कोणी खाते?"

"म्या पायलं."

"म्याही पायलं. उजवाच होता."

हे भांडण वीस वर्षं चाललं. पाहुण्यांसमोरही मी तिला खोटारडी म्हणायचो. मग घरी टीव्ही आला अन् एका रविवारी दुपारी तोच पिक्चर लागला. नावाड्यानं भाकर उजव्या हातानं खाल्ली. मी मांडीवर थाप मारून हसलो. तिनं आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग हळूच म्हणाली, "आमी मांगून पायला न. मांगून सारं उलटंच दिसे." अक्षरओळख नव्हती तिला, नाहीतर पडद्यावरची अक्षरं उलटी दिसतात हे तंबूतच कळलं असतं.

"एक डाव समोरून दाखवा मले. मोठ्या पडद्यावर."

"आता पायला न घरी? तोच पिक्चर, तीच माणसं."

"तंबूत त्याचा हात बैलगाडीएवढा होता. इथं टिचभर. टिचभर हाताचं काय दुःख दिसते?"

पुढं बुलढाण्याला कॉलेजात तोच पिक्चर मोठ्या पडद्यावर दाखवणार असं कळलं. तिनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "एकच पिक्चर किती डाव पायशीन?" अन् शेतात निघून गेलो. तिनं लुगडं परत पेटीत ठेवलं.

त्या शेवटच्या दुपारी तिनं विचारलं, तेव्हा मला सांगता येईना. खरं असं की तंबूत मी पहिल्या घटकेलाच झोपलो होतो, जाग आली ती माणसांच्या शिव्यांनी. उजवा हात मी पाहिलाच नव्हता, सगळे उजव्यानंच खातात म्हणून भांडलो. शेवटी हे मी तिला सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. ती हसली, म्हणाली, "मंग तुमच्या समोरच्यापरीस माही मांगची जागा बरी."

आता रविवारी दुपारी लागेल तो पिक्चर पाहायला मी टीव्हीसमोर बसतो. कोणी हाक मारली तरी उठत नाही, डोळा लागू देत नाही. शेवटची नावं सरकून संपेस्तोवर पाहतो. कोणी विचारलं तर नीट सांगता यावं... पण आता विचारते कोण?