लायसन आईच्या नावावर

दुबईत अल क्वोजला एका बांधकाम कंपनीच्या यार्डात मी स्टोअरकीपर होतो, तेव्हा गेटवर बोटाच्या ठशानं हजेरी घेणारं मशीन बसलं. रत्नागिरीकडच्या आमच्या गवंड्याला ते काही केल्या ओळखेना. सिमेंटनं त्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली, ती मी जेवताना मोठ्यानं वाचली. अमेरिकेत म्हणे कायदा होणार, बंदुकीनं मालकाचं बोट ओळखलं तरच ती उडणार.

गवंड्याचा घास हातातच राहिला. “आमच्याकडे वानरं हाकलायला बंदूक आहे. लायसन बाबांचं, पण बार आई काढते.”

“मग आता बाबांनी काढायचा,” मी म्हणालो.

“बाबा आवाजाला घाबरतात हो!”

हा कायदा आपल्याकडे येणार नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. पण मशीननं पोळलेला माणूस कसला ऐकतोय! संध्याकाळी मला सोबत घेऊन त्यानं बूथवरून घरी फोन लावला.

“बाबा, लायसन आईच्या नावावर करा. अमेरिकेत कायदा होतोय.”

 पलीकडून बाबांचा आवाज मलाही ऐकू आला, “तिकडे दारू मिळते काय रे?”