ट्रॉफीवरचं लेबल

जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या पूजेला रहिवाशांचा सत्कार असतो. सेक्रेटरी या नात्याने ट्रॉफ्या मीच करून आणल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या ट्रॉफीवर हौसेने ‘मम्मी ब्लॉगर’ कोरून घेतलं.

या बाई लिफ्टची वाट बघतानाही मोबाइलवर ब्लॉग लिहीत असतात. त्यात मुलं कमी, पाण्याचे टँकर आणि खाडीतला भराव जास्त. बोलताना प्रत्येक वाक्याआधी ‘बघा हं’ म्हणतात, त्यामुळे समोरचा उगाच सावध होतो.

सत्कारात हातात दिलेली ट्रॉफी वाचून त्या हसल्या. “बघा हं, मुलं तुम्हालाही दोन आहेत. तुम्हाला कुणी पप्पा सेक्रेटरी म्हणतं का?”

मग पर्समधून मुलाच्या वहीला लावायचं लेबल काढलं, त्यावर ‘लेखिका’ लिहिलं, कोरलेल्या अक्षरांवर चिकटवलं आणि ट्रॉफी मला परत दिली. “आता करा सत्कार.”

मी तो पुन्हा केला. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

घरी आल्यावर मी म्हणालो, “एवढं काय मनाला लागायचं त्यात?”

बायको म्हणाली, “वीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतेय, आणि मघाशी माइकवर तुम्ही मला ‘आमच्या मिसेस’ म्हणालात. तिच्याकडे अजून एक लेबल असेल, जा, घेऊन या.”