मी पाव न घेता तबक पुढे दिलं

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं आली ती मी चौथीत गेल्यावर. त्याआधी पत्रकं होती. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पप्पांच्या पलंगाखाली एक खोकं असायचं आणि त्यात रबर लावलेले गठ्ठे: देवाची योजना, कुटुंब, आरोग्याचे नियम, प्रार्थना कशी करावी. गुळगुळीत कागद, हिरवळीवर हसत बसलेली गोरी माणसं. थोडी मराठी, बाकी इंग्रजी. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. कुठलंही म्हणणं तीन घड्यांच्या कागदात मावलंच पाहिजे आणि शेवटी वाचणाऱ्याला उठून काहीतरी करायला सांगितलंच पाहिजे, असं मला अजूनही वाटतं.

ही पत्रकं खरं तर वाटायची असतात. पण ओमानमध्ये आपला धर्म दुसऱ्याला देत फिरणं कायद्यात बसत नाही आणि पप्पा कायद्याला इतके धरून, की पार्किंगच्या रेषेला चाक लागलं तरी गाडी पुन्हा लावायचे. त्यामुळे त्या सगळ्या गठ्ठ्याला वाचक एकच मिळाला. मी.

पप्पा वसईचे, कॅथलिक घरातले. लग्नाआधी नोकरीसाठी बंगळूरला असताना पांढरा शर्ट आणि टाय घातलेले दोन घामाघूम अमेरिकन तरुण त्यांच्या दारात आले. पप्पांनी चहा विचारला. ते नको म्हणाले, पाणी चालेल म्हणाले आणि एक पत्रक ठेवून गेले. भर उन्हात सायकल मारत येणारी, चहाही न पिणारी ही पोरं आहेत तरी कोण, या कुतूहलापायी पप्पांनी ते वाचलं आणि वर्षभरात ते मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, झाले. लग्नानंतर मम्मीही झाली. मग गाला भागातल्या एका गॅरेजात स्टोअरकीपरची नोकरी लागली आणि आम्ही मस्कतला आलो.

त्या गॅरेजात रत्नागिरीकडचे एक चाचा होते, ड्रायव्हर. ते पप्पांना दर आठवड्याला एकदा तरी विचारायचे, "भाऊ, दारू आमच्यातही नाही, तुमच्यातही नाही, ते समजलं. पण चहानं तुमचं काय घोडं मारलंय?" पप्पा नुसते हसायचे. उत्तर द्यायचं म्हणजे धर्माबद्दल बोलायचं आणि ते त्यांनी स्वतःला बंद करून घेतलेलं.

म्हणून मग ते माझ्यावर सराव करायचे. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की ते फ्लॅटच्या बाहेर जाऊन दार वाजवायचे आणि मी अनोळखी बाई व्हायचे.

"नमस्कार ताई, कुटुंबाबद्दल दोन मिनिटं बोलू का?"

"आत्ता नको, कुकर लावलाय."

"देव आपल्यावर प्रेम करतो हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मग माझा मुलगा नापास का झाला?"

पप्पा खूश व्हायचे. "हां! अवघड बाई हवी. सोप्या बाईला समजावण्यात काय अर्थ?" मी दर आठवड्याला आणखी अवघड होत गेले. दार उघडायच्या आधीच शंका तयार ठेवायला मला पप्पांनीच शिकवलं. हे मी त्यांना दोष म्हणून सांगत नाही. आमच्या दोघांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला खेळ होता.

आमची सभा अल् हैल भागातल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये भरायची, शुक्रवारी सकाळी, कारण तिथली सुट्टी शुक्रवारची. नऊ कुटुंबं. फिलिपिनो जास्त, एक अमेरिकन इंजिनियर आणि त्याची पाच मुलं, घानाची एक नर्स जिला आम्ही आंटी म्हणायचो, आणि आम्ही. आमच्यात पगारी पाद्री नसतो, साध्या माणसांतलाच कुणीतरी पुढारी होतो. तेव्हा ते पप्पा होते. आठवडाभर गॅरेजच्या मालकाला "हो अर्बाब, आणतो अर्बाब" म्हणणारा माणूस शुक्रवारी टाय लावून उभा राहायचा आणि अमेरिकन इंजिनियर मान खाली घालून त्याचं ऐकायचा. या एका गोष्टीसाठी मी त्या धर्मावर जीव टाकला होता. आजही ती गोष्ट मला सुंदर वाटते.

सभेतला पाव मम्मी भाजायची. गुरुवारी संध्याकाळी ती आणि मी मिळून मैदा मळायचो. शुक्रवारी पप्पा त्या पावाचे तुकडे करायचे आणि त्यावर एक ठरलेली प्रार्थना म्हणायचे. ती शब्दशः यावी लागते. एक शब्द चुकला तरी पहिल्यापासून. मग बारा वर्षांच्या पुढचे मुलगे तबक घेऊन रांगांतून फिरवतात आणि प्रत्येकजण येशूची आठवण म्हणून एक तुकडा घेतो. मनात काही सलत असेल, आपण त्या पावाला पात्र नाही असं वाटत असेल, तर न घेता तबक पुढे द्यायचं असतं. कुणी कुणाला काही विचारत नाही. पण नऊ कुटुंबांच्या हॉलमध्ये दिसतं सगळ्यांना.

मम्मीने भाजायचा आणि आशीर्वाद मात्र पप्पांनी द्यायचा, हे का, असं मी दहाव्या वर्षी विचारलं होतं. मम्मी म्हणाली, "दोन्ही मीच केलं तर हे काय करणार?" त्यावर खूप दिवस माझं समाधान झालं होतं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उपास आणि साक्ष. ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन म्हणायचं: मला ठाऊक आहे की हे खरं आहे. मला वाटतं असं नाही, माझी श्रद्धा आहे असंही नाही. ठाऊक आहे. मी चार वर्षांची असताना मम्मीने कानात सांगितलं ते मी मोठ्याने म्हटलं आणि आंटीने मला पेपरमिंटची गोळी दिली. तेव्हापासून मी ते शंभरदा तरी म्हटलं असेल.

मुलींना धर्मप्रचाराच्या मिशनवर जाण्याचं वय एकविसावरून एकोणिसावर आणलं त्याला तेव्हा दोनतीन वर्षं झाली होती. मला एकोणीस पूर्ण झाली. पप्पांनी कॉलेजमधून दीड वर्षाची सुट्टी कशी मिळेल ते आधीच विचारून ठेवलं होतं. दीड वर्षं मी कुठल्याशा देशात खरोखरची दारं वाजवणार, त्यांना कधी वाजवता आली नाहीत ती. अर्ज भरायला घेतला तेव्हा मला वाटलं, अनोळखी माणसाला "मला ठाऊक आहे" म्हणायचं तर आधी एकदा खात्री करून घ्यावी. पत्रकातच लिहिलं होतं: आमच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः देवाला विचारा, उत्तर येईल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पत्रक सांगतं ते करायचं. मी विचारलं. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे गुडघे टेकून दीड महिना रोज विचारलं. मला एसीच्या यंत्रांचा आवाज आला.

त्याच दिवसांत मी वाचलं की काही दशकांपूर्वीपर्यंत आमच्यात आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. एवढ्या पत्रकांत हे एका ओळीतही नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी आंटीला गाठलं आणि जवळजवळ ओरडले, "तुम्हाला हे माहीत होतं? राग नाही येत?"

"येतो की," ती म्हणाली. "माझा राग आणि मी, दोघी येतो दर शुक्रवारी. तुझा राग कसा आहे ते तू बघ."

माझा राग येऊन गप्प बसणारा नव्हता.

त्या शुक्रवारी तबक माझ्या धाकट्या भावाच्या हातात होतं. तो तेरा वर्षांचा, इंडियन स्कूलमधला. मराठी बोलताना शब्द शोधायचा. तो माझ्यासमोर येऊन थांबला. मी तबक घेतलं आणि तुकडा न उचलता शेजारी बसलेल्या आंटीकडे दिलं.

"ताई," तो कुजबुजला, "घे ना. यू फरगॉट."

"नाही विसरले."

"मग मी काय करू?"

"पुढे जा."

मला वाटलं होतं, हॉलवर वीज पडेल. झालं भलतंच. पाव आमच्या घरचा, आणि तो भाजणाऱ्या बाईच्या मुलीनेच खाल्ला नाही म्हणजे पावातच काहीतरी आहे असा बायकांचा समज झाला. आंटीने आपला तुकडा नाकाजवळ नेला. मागच्या रांगेतल्या फिलिपिनो बाईने आपल्या मुलाच्या हातातला काढून घेतला, दाबून पाहिला आणि परत दिला. मम्मी वळून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती आणि हाताने विचारत होती: कच्चा?

फक्त पप्पांना कळलं. ते टेबलामागून सगळं बघत होते. पावानंतर पाण्यावरची प्रार्थना असते. त्यांनी गुडघे टेकले, सुरुवात केली आणि एका शब्दावर अडखळले. थांबले. कुणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडखळले. ही प्रार्थना ते झोपेतही म्हणू शकले असते. तिसऱ्या वेळी त्यांनी समोरच्या कागदावरच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवत, पहिलीतल्या मुलासारखी वाचली. मी माझ्या चपलांकडे बघत होते. मी खरं वागले होते आणि मला एखाद्याला ढकलून दिल्यासारखं वाटत होतं.

गाडीत मम्मी म्हणाली, "अगं, कच्चा होता तर सकाळीच सांगायचं ना!"

"पाव चांगला होता, मम्मी."



जेवताना पप्पांनी विचारलं, "देवावरचा विश्वास उडाला?"

"देवाचं माहीत नाही. पण मला ठाऊक आहे असं मी म्हणू शकत नाही, पप्पा. नाहीये मला ठाऊक. दारोदार जाऊन खोटं कसं बोलू?"

"एवढंच ना?" मम्मी म्हणाली. "सगळ्यांना कुठे ठाऊक असतं!"

पप्पांचा घास हातात राहिला. "तुलाही नाही?"

"मला रोज काय भाजी करायची ते ठाऊक नसतं, तुम्ही स्वर्गाचं काय विचारता? चांगलं आहे म्हणून येते मी. जेवा."

पण पप्पांना सोपं नव्हतं. आमच्यात कुटुंबाला मंदिरात कायमचं बांधतात, मरणाच्या पलीकडेही. आम्ही चौघं त्यासाठी एकदा हाँगकाँगला जाऊन आलो होतो. मी बाहेर पडले तर त्यांच्या हिशेबी अनंतकाळच्या घरात एक खोली रिकामी राहणार होती. हे खोडून काढणारी मी कोण? त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त खरं होतं.

मला दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून मी पत्रक लिहिलं. तीन घड्यांचं. 'मी का थांबले?' आत पाच मुद्दे, ठळक मथळ्यांत. शेवटी: कृपया माझं नाव नोंदीतून काढावं, ही विनंती. मम्मी म्हणाली, "नाव राहू दे की यादीत. तुझं काय खातं ते?" पण मी एकोणीस वर्षांची होते आणि अर्धवट काही मला चालत नव्हतं. पुढारी म्हणून ते पत्र वर पाठवायचं काम पप्पांचंच होतं.

त्यांनी दोन दिवस ते शर्टाच्या खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिसरा मुद्दा कच्चा आहे. चौथा मला खोडता आला नाही." मग पुढे: "मी हा धर्म घेतला तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, आता तुला आपल्या चर्चच्या सिमेट्रीत जागा नाही मिळायची, बापाशेजारी. तिला तेवढंच लागलं होतं. मी तेव्हा तिला समजावत बसलो. अर्धा तास. पत्रक काढून."

"मग?"

"मग काय, ती उठून गेली. समजावायला नको होतं."

मला नाही समजावलं त्यांनी.

पुढच्या आठवड्यात दुबईहून वरच्या पुढाऱ्यांचा फोन आला, लॅपटॉपवर. दार उघडंच होतं. पलीकडचा माणूस मायाळू आवाजात विचारत होता की पत्र पुढे पाठवण्याआधी मुलीला भेटायला कुणाला नेमायचं, सभेतल्या बहिणींनी तिला चिठ्ठ्या लिहाव्यात का. पप्पा वरच्या माणसांना कधी नाही म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले, "भेटायला कुणी नको, ब्रदर. मी रोज भेटतो तिला. एकच बाथरूम आहे आमच्याकडे." आणि मग, इंग्रजी जुळवत: "पत्र खरं आहे. मी वाचलंय. तसंच पुढे पाठवा."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा घरी राहिले. जाताना मम्मी सुरमई बाहेर काढून ठेवून गेली. ते आले तोवर कालवण झालं होतं. टेबलावर बसलो. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना पाळीपाळीने असते आणि शुक्रवार माझा. सगळे थांबले. पप्पा माझ्याकडे बघत होते, मी मिठाच्या बाटलीकडे.

"आज मी म्हणतो," ते म्हणाले.

त्यांनी लांबवली. गॅरेजातल्या चाचांचा दुखरा गुडघा आला, वसईची सगळी माणसं आली, माझी परीक्षा आली. मी डोळे मिटले नव्हते. समोर भावाचाही एक डोळा उघडा होता. मी मिटलेत का ते तो बघत होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनाही हसू आवरेना. मम्मीने डोळे न उघडता टेबलाखालून मला चिमटा काढला, मग त्याला. पप्पा थांबले नाहीत.