माडीवरची कडी
डब्यात दिवसभर कोंडलेल्या मेथीच्या भाजीचा वास आला की मला लातूरच्या आमच्या माडीवरची खोली आठवते. भोकरहून क्लाससाठी आलेली एक मुलगी तिथं भाड्यानं एकटीच राहायची. भूकंपात आमचं किल्लारीचं घर पडलं, तेव्हापासून आत अडकायला नको म्हणून आमच्याकडे आतून कडी लावत नाहीत, दार नुसतं लोटायचं. भाडेकरूंनाही तोच नियम. त्या दुपारी कपडे वाळत घालताना वरून कडी लावल्याचा आवाज आला आणि मी कान टवकारले. वर गेले तर मेसचा सकाळचा डबा उंबऱ्यावर तसाच, आणि आत पुरुषाचा आवाज. दाराला कान लावला. कानडी मला समजते, तेलुगूही ओळखू येते. ही भाषा वेगळीच होती. कुणाला आणलं असेल हिनं? मी दार बडवलं. "कोन हाय गं आत?" तिनं उघडलं. मी पलंगाखालीही वाकून पाहिलं. कुणी नव्हतं, मोबाइलवर जपानी चित्रं बोलत होती. "अ‍ॅनिमे हाय, काकू. ह्यातला पोरगा खोलीतून बाहेरच निघंना." "अन् तू? क्लासला गेली न्हाईस?" "लई दिवस झाले, जाऊनच न्हाई राहिले." "मग आज कडी कशाला लावलीस?" ती खाली बघत म्हणाली, "इतके दिवस दार नुसतं लोटलेलंच होतं, काकू. कुणीच आलं न्हाई." आता माडीवर दुसऱ्या मुली असतात. कडी वाजली नाही तरी मी वर जाते, आणि त्या माझ्याकडंच संशयानं बघतात.